पांढऱ्या बुचाची लॅबला

रवी मोरीत शिरून आतून कडी घालून बसला होता, आणि बाहेर त्याची आई सीताबाई त्याच्या पोटाची चौकशी करत होती. आधी तिने विचारलं, पोट बिघडलंय काय. मग विचारलं, ओवा देऊ काय. उत्तर येईना तेव्हा ती ओवा घेऊनच आली नि दारावर थापा मारायला लागली. भाग्यश्री मध्ये उभी राहिली. तिने सासूच्या हातातला ओवा घेऊन स्वतःच्या तोंडात टाकला आणि सांगितलं, की त्यांना काय झालेलं नाय, फक्त कुणी हाका मारू नका. असल्या कामात आईची हाक कानावर पडली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हे तिला मागच्या दोन फसलेल्या खेपांना कळलं होतं.

काम तपासणीचं होतं. लग्नाला पाच वर्षं झाली, घरात पाळणा काही हलला नाही, आणि या पाच वर्षांत जे तपासायचं ते सगळं भाग्यश्रीचंच तपासून झालं होतं. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळ्यांत औषध सोडून फोटो काढून झाले. सगळं ठीक निघालं, आणि ठीक निघालं म्हणूनच कुणाचं समाधान होईना. शेजारच्या धोंडुबाईने तर तोंडावर सांगितलं, डॉक्टरांना सापडत नाय म्हणजे खोट खोलवर असणार. मग सीताबाईने तिला धरमतर खाडीपलीकडच्या भगताकडे नेलं. त्याने डोक्यावरून नारळ फिरवला, अंगारा दिला आणि मीठ कमी खायला सांगितलं. सीताबाईचा जन्म मिठागरात गेलेला. तिच्या तोंडावर मिठाला नावं ठेवायची हिंमत केली म्हणजे भगत मोठाच असला पाहिजे, असं तिचं मत पडलं.

शेवटी पेणच्या डॉक्टरीणबाईंनी भाग्यश्रीची फाइल मिटली आणि विचारलं, मिस्टरांचं काय? मिस्टरांचं काहीच झालेलं नव्हतं. मिस्टर त्याच वेळी खुर्चीतून उठून बाहेर पाणी प्यायला गेले होते.

त्या दिवशी भाग्यश्रीने मनाशी ठरवलं. अंगारे पुरे, नारळ पुरे. नवऱ्याचा नमुना पेणच्या लॅबमध्ये जाणार म्हणजे जाणार, आणि जे काय असेल ते डोळ्यांनी बघणार.

रवी तसा वाईट माणूस नव्हता. नुसता लाजाळू होता. लॅबने त्यासाठी डबी दिली असती, पण लॅबच्या काउंटरवर बसणारी मनस्वी त्याच्या बहिणीची वर्गमैत्रीण. तिच्याकडे डबी मागण्यापेक्षा नोकरी सोडलेली परवडली, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने कंपनीतून एक नवी कोरी सॅम्पलची बाटली आणली. डॉक्टरच्या डबीपेक्षा ही मजबूत, गळायची भीती नाय, असं वर सांगितलं.

कंपनी रोह्याजवळच्या धाटावला. तिथे प्लास्टिक नरम करायचं तेल बनतं. पाण्यासारखं स्वच्छ, हाताला बुळबुळीत, वास जवळजवळ नाहीच. पाइप वाकतो, चप्पल पायाला चावत नाही, सोफ्याचं रेक्झिन तडकत नाही, हा सगळा त्या तेलाचा प्रताप. रवी ड्रम भरायच्या खोलीत होता. तिथला हवा ओढायचा पंखा आधीच्या साहेबांच्या वेळी बंद पडला होता, आणि तो दुरुस्त करायचा विषय नव्या साहेबांच्या येण्याने मागे पडला होता. गरम तेल ड्रममध्ये पडताना धुरकट वाफ उठायची नि माणसं उघड्या हातांनी झाकणं आवळायची. रवी घरी यायचा तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत नुकतंच मालिश केल्यासारखे चकाकत असायचे. त्याला बारा महिने सर्दी. मानेवरचं एक गळू बसलं की दुसरं उठायचं. पायाला पत्रा गणपतीत लागला होता, जखम शिमगा झाला तरी ओली. आणि हा एकटाच असा नव्हता. ड्रम खोलीतली सगळी माणसं आळीपाळीने आजारी पडायची, जणू आजारपणाचीही शिफ्ट लावलेली. कंपनीने त्यावर उपाय म्हणून दसऱ्याला प्रत्येकाला च्यवनप्राशची बरणी दिली होती.

त्या सकाळी एक भानगड आणखी होती. पेणच्या नाथाशेठचा पाइपचा कारखाना होता. तो कंपनीचं गिऱ्हाईक. त्याला नव्या तेलाचं थोडं सॅम्पल हवं होतं, आणि रवी पेणकडचा म्हणून साहेबांनी ती बाटली रवीकडेच दिली होती. म्हणजे घरात आता दोन बाटल्या, आणि पेणला कामाला जाणारी भाग्यश्रीच दोन्ही पोचवणार. दोन्ही सारख्याच, आतलं न दिसणाऱ्या, बोटभर उंचीच्या. एकीचं बूच पांढरं, एकीचं लाल.

कंपनीत बुचांचा कायदा कडक होता. पांढऱ्या बुचाची बाटली लॅबला, लाल बुचाची पार्टीला. लॅब म्हणजे कंपनीचीच, पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. नव्या माणसाला संडास कुठे ते नंतर सांगायचे, आधी हे शिकवायचे. रवीने हे इतकी वर्षं इतक्यांदा ऐकलं नि इतरांना ऐकवलं होतं, की झोपेतसुद्धा कुणी विचारलं असतं तर बरोबर सांगितलं असतं.

तसंच झालं. मोरीचं दार अर्धवट उघडून त्याने बाटली बाहेर दिली. भाग्यश्रीने ती घाईत पिशवीत टाकली, आत दुसरी आधीच होती. पायात चप्पल घालताना तिने बंद दाराकडे बघून विचारलं, लॅबची कुठली?

आतून तांब्याचा आवाज आला नि उत्तर आलं, "पांढऱ्या बुचाची लॅबला, लाल बुचाची पार्टीला."

हे रवी बोलला नव्हता. त्याच्या तोंडून कंपनी बोलली होती. आणि या खेपेला ते उलटं होतं, कारण कंपनीच्या स्टोअरमध्ये त्या आठवड्यात लाल बुचं संपत आली होती आणि नाथाशेठचं तेल पांढऱ्या बुचाच्या बाटलीत भरलं गेलं होतं. शेवटची लाल बुचाची रिकामी बाटली रवीने स्वतःसाठी उचलली होती.

भाग्यश्रीने पांढऱ्या बुचाची बाटली काढून कमरेला खोचली. नमुना अंगाच्या उबेत आणा, तासाभरात पोचवा, असं लॅबने बजावलं होतं. बाटली काठोकाठ भरलेली लागली. ती नाक्यापर्यंत पळत गेली, पण मनातून तिला जरा बरं वाटत होतं. एवढं असताना काळजी कसली?

मिनीडोर रिक्षा माणसं भरल्याशिवाय हलेना. तिने दोन सिटांचे पैसे देते म्हणून सांगितलं, तेव्हा ड्रायव्हरने आणखी तीन माणसं भरून गाडी काढली. पेणला पोचेपर्यंत तिने एक हात कमरेवर दाबून धरला होता. शेजारच्या बाईने विचारलं, चमक भरली काय गो. भाग्यश्री म्हणाली, व्हय.

लॅबमध्ये मनस्वीने बाटली घेतली, बूच फिरवलं, आत बघितलं. मग भाग्यश्रीकडे बघितलं. मग पुन्हा आत बघितलं.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "हे एका वेळचं हाय?"

"एका वेळचंच. येळ लागला त्यांना थोडा."

"खूप हाय."

"कामाचा माणूस हाय तो," भाग्यश्री म्हणाली. बाकावर बसलेले दोघेजण एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

मनस्वीने बूच परत लावलं. रिपोर्ट दुपारी न्या म्हणाली. भाग्यश्री तिथून नाथाशेठच्या कारखान्यावर गेली, लाल बुचाची बाटली तिथल्या माणसाच्या हातात दिली, आणि आपल्या कामावर आली. ती गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. डोळ्यांच्या आखणीला हात तिचा. त्या दिवशी तिच्यासमोर दोन फळ्या भरून गणपती डोळ्यांची वाट बघत बसले होते. एका फळीचे डोळे होतात न होतात तोवर मनस्वीचा फोन आला. ताबडतोब ये, डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पांढऱ्या बुचाची बाटली होती. त्यांनी भाग्यश्रीला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि सरळच सांगितलं की हे माणसाचं नाही.

भाग्यश्रीच्या डोळ्यांपुढून भगत, नारळ, अंगारा सगळं सरकून गेलं. तिने घाबरत विचारलं, मग कुणाचं?

"कुणाचंच नाही. तेल आहे. मनस्वीने काचेवर घेतलं, त्यात एकही हलेना. तिने परत घेतलं, परत घेतलं. सकाळपासून काच सुकली नाही."

भाग्यश्रीने बाटलीत बोट घातलं नि दोन बोटांत चोळून बघितलं. ओळखायला क्षण लागला नाही. रवीचे कपडे धुताना हीच बुळबुळ साबणाला दाद देत नाही. रवीच्या मनगटावरची चकाकी ती हीच. तिने कंपनीचं नाव सांगितलं, तेल कसलं ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. किती वर्षं तिथे आहेत, हातात मोजे असतात काय, खोलीला हवा आहे काय, आजारी किती पडतात, एकामागून एक त्या विचारत गेल्या. घरात कंपनीचे रिकामे कॅन वापरता काय, असंही विचारलं. भाग्यश्रीने खरं ते सांगितलं. सीताबाईचं गोडं तेल, लोणचं, सुकटसुद्धा त्याच पांढऱ्या कॅनांत असतं. गावात ज्याच्या घरी कंपनीचे कॅन जास्त, तो मोठा.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आणि ते भाग्यश्रीने एक अक्षर न चुकवता डोक्यात ठेवलं. असल्या तेलांपैकी काहींवर बराच अभ्यास झालाय. ती श्वासातून जातात, कातडीतून जातात, तेलकट अन्नातून पोटात जातात. आत गेली की पुरुषाच्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात. बीज कमी होतं, जे होतं ते सुस्त होतं. रोगाशी लढायची अंगातली ताकदही यांच्यामुळे बिघडते असं दिसायला लागलंय. रवीचं सगळं यामुळेच, असं त्या छातीठोक सांगणार नव्हत्या. तंबाखू असते, ताप असतो, जन्मापासूनचं काही असतं. पण तेलापासून लांब जायला कारण एवढं पुरेसं आहे. आणि एक चांगलं, की पुरुषाचं बीज सतत नवं तयार होत असतं. तीनेक महिने लांब राहिला तर फरक पडू शकतो. पडेलच असं नाही.

"पण आधी खरा नमुना हवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो कुठे आहे?"

इथे भाग्यश्रीला पहिल्यांदा लाल बूच आठवलं.

रवी एव्हाना कामावर गेला होता, त्याला फोन लावून उपयोग नव्हता. कंपनीत फोन गेटवर जमा करावे लागतात. तिने बाटली पिशवीत घातली नि नाथाशेठच्या कारखान्याकडे चालत नाही, धावतच गेली.

नाथाशेठ मशीनपाशी उभा राहून फोनवर धाटावच्या साहेबांना झापत होता. तो जाडजूड, मोकळ्या मनाचा माणूस. भाग्यश्रीला बघून त्याने हाताने थांबायला सांगितलं, फोन ठेवला आणि सगळा राग तिच्यापुढे ओतला. सकाळी आलेलं सॅम्पल त्याने स्वतः प्लास्टिकच्या पावडरीत मिसळलं होतं. आधी वाटलं, इतकंसंच पाठवलंय, कंपनी कंजूष झाली. मग मळलं, तापवलं. नरम होणं राहिलं बाजूला, नुसत्या गाठी झाल्या.

"इतकी वर्षं धंद्यात हाय," नाथाशेठ म्हणाला. "तेल हातावर घेऊन सांगतो, कसं हाय ते. तुझ्या नवऱ्याच्या सॅम्पलात दमच नाय."

भाग्यश्रीने त्याच्या हाताकडे बघितलं आणि हळूच सांगितलं, शेठ, हात साबणाने धुवा. दोनदा धुवा.

बाटली कुठे आहे, असं तिने विचारलं. कंपनीची गाडी इकडे आली होती, तिच्याबरोबर उरलेलं सगळं परत पाठवलं, नाथाशेठ म्हणाला. आणि साहेबांना सांगितलंय, ज्याने आणून दिलं त्याला धरा. मधल्या मध्ये तेल विकून दुसरंच काय तरी भरलंन त्याने.

आता तिला दोनच गोष्टी सुचत होत्या. घरी जाऊन पांघरूण घेऊन पडावं, ही एक. दुसरी धाटावला जावं. तिने पेण स्टेशन गाठलं, रोह्याची गाडी पकडली, रोह्याहून धाटावला गेली आणि कंपनीच्या गेटवर उभी राहिली. वॉचमन आत सोडेना. बायकोला भेटायची परवानगी नाय, तो म्हणाला. काम काय ते सांगा.

"सॅम्पल द्यायचंय," भाग्यश्री म्हणाली.

सॅम्पल म्हटल्यावर गेट उघडलं. वॉचमनने नियमाप्रमाणे तिच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट ठेवलं. ते अंबाड्यामुळे खाली बसेना, तसंच वर डुगडुगत राहिलं, आणि ती त्या अवतारात साहेबांच्या केबिनच्या दारात पोचली.

आत रवी मान खाली घालून उभा होता. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर लाल बुचाची बाटली. केमिस्ट प्रदीपने ती दोन बोटांत उचलून धरली होती. त्याच्या हातात निळे मोजे होते. ड्रम खोलीत जे कधीच आले नाहीत ते हे मोजे. कोपऱ्यात ड्रम खोलीतला सगळ्यांत जुना माणूस, काळुराम, साक्षीदार म्हणून उभा केला होता.

प्रदीपने आपला तपास सांगितला. पदार्थ पाणीदार आणि चिकट. तापवला तर गोठतो. आपल्या मालाशी काही संबंध नाही. त्याचा अंदाज, तांदळाची पेज.

साहेब पुढे झुकले. "तेल विकलंस आणि पेज भरलीस. हो की नाही?"

रवीने दाराकडे बघितलं नव्हतं. त्याने एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा काळुरामकडे, आणि ज्या माणसाला चोर ठरणं सोपं वाटतं तशा आवाजात म्हणाला, "व्हय साहेब. पेजच हाय."

"पेज नाय ती," भाग्यश्री दारातून म्हणाली.

सगळे वळले. हेल्मेट एका बाजूला कललं होतं, ते तिने काढून खुर्चीवर ठेवलं. रवीने डोळ्यांनी तिला गप्प राहायला विनवलं. ती त्याच्या डोळ्यांत बघून थांबली, पण थोडंच.

"यांचं सॅम्पल हाय ते. आम्हाला मूल होत नाय म्हणून तपासायला काढलेलं. बाटल्या बदलल्या. तुमचं तेल लॅबमध्ये गेलं, यांचं पाइपात गेलं."

प्रदीपने बाटली अगदी हळू वर्तमानपत्रावर ठेवली. मोजे काढले, कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि ड्रॉवरमधून नवे काढून घातले. साहेबांची चाकांची खुर्ची आपोआप दोन वीत मागे गेली.

रवीला धरणी ठाव देत नव्हती. पण भाग्यश्री आता थांबायला आली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिने जसंच्या तसं सांगितलं. श्वासातून, कातडीतून, अन्नातून. बीज कमी, अंगातली ताकद कमी. ड्रम खोलीतली माणसं का सारखी आजारी, पंखा का बंद, यांना मोजे नायत नि केमिस्टसाहेबांना एका दिवसात दोन जोड कसे, हेही विचारलं.

साहेबांनी घसा खाकरला. तेलाबद्दल गैरसमज फार पसरलेत, ते म्हणाले. हे तेल अगदी निरुपद्रवी आहे. दर वर्षी सुरक्षा दिनाच्या भाषणात ते एक वाक्य बोलायचे आणि टाळ्या घ्यायचे. तेच आत्ता सवयीने त्यांच्या तोंडून निघालं. "अहो, मी हे तेल पिऊन दाखवू शकतो."

भाग्यश्रीने पिशवीतून पांढऱ्या बुचाची बाटली काढली, बूच उघडलं आणि त्यांच्यासमोर ठेवली. टेबलावर साहेबांचा रिकामा चहाचा कप होता. तो तिने जरा जवळ सरकवला.

"घ्या."

साहेबांनी बाटलीकडे बघितलं. प्रदीपकडे बघितलं. प्रदीपला त्याच वेळी खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

"नुकताच चहा झालाय माझा," साहेब म्हणाले.

काळुराम कोपऱ्यातून पुढे आला. त्याच्या दोन्ही जावयांना त्यानेच कंपनीत चिकटवलं होतं, दोघेही ड्रम खोलीत, आणि दोघांच्याही घरी भाग्यश्रीच्या घरासारखंच चाललं होतं. दोन्ही मुलींना तो कुठल्या कुठल्या देवांना नेऊन आला होता. त्याने साहेबांकडे पाठ केली आणि भाग्यश्रीला विचारलं,

"वहिनी, ती लॅब पेणात कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी ड्रम खोलीतल्या कुणी झाकणाला हात लावला नाही. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. माणसं शिफ्टला आली, खोलीबाहेर ओळीने बसली आणि म्हणाली, पंखा फिरला की आत जातो. कंपनीला रवीवर कारवाई करायची फार इच्छा होती, पण नोटिसीत गुन्हा काय लिहायचा यावर ऑफिस अडलं. पार्टीला अनधिकृत सॅम्पल पुरवलं, असं एकाने सुचवलं. सॅम्पल कसलं ते लिहावं लागेल, दुसरा म्हणाला. मसुदा टेबलामागून टेबल फिरला, सही कुणी करेना, आणि शेवटी तो कागद चहाच्या किटलीखाली गेला.

मोजे आले. खोकं उघडलं तर मऊ, पिवळे, पारदर्शक. भाग्यश्रीने रवीने घरी आणलेला जोड हातात घेतला, वास घेतला, बोटांत चोळला आणि विचारलं, हे कुठनं घेतले? नाथाशेठच्या भावाकडनं, रवी म्हणाला. म्हणजे आपल्याच तेलाने नरम केलेल्या प्लास्टिकचे मोजे आपल्याच तेलापासून वाचायला. ड्रम खोलीतल्या माणसांनी खोकं जसंच्या तसं साहेबांच्या दाराशी नेऊन ठेवलं आणि पुन्हा ओळीने बसली. पुढच्या खेपेला केमिस्टच्या हातातले होते तसले निळे आले. पंखाही फिरायला लागला. त्याच्या पात्यांतून आधी वर्षानुवर्षांची जळमटं नि एक चिमणीचं घरटं बाहेर पडलं, मग हवा. रवीने ड्रम खोलीतून बदली मागून घेतली. आता तो बाहेर, गाड्यांच्या हिशेबाला होता.

घरातलं काम मात्र त्याला स्वतःलाच करावं लागलं. खरा नमुना त्याने लॅबच्या डबीतून दिला. डबी मनस्वीकडे मागताना त्याचे कान तापले, मनस्वीने दुसरीकडे बघत ती काउंटरवर सरकवली, आणि दोघांचंही त्यात काही बिघडलं नाही. रिपोर्ट आला. बीज फार कमी, होतं त्यातलं बरंच जागच्या जागी. तो कागद खिशात घालून रवी घरी आला तेव्हा ओटीवर धोंडुबाई बसली होती, आणि पुनवेला भाग्यश्रीला परत भगताकडे न्यायचं असं सीताबाईबरोबर ठरवत होती. रवी आत गेला नाही. ओटीवरच बसला.

"तिला आता कुठं न्यायचं नाय," तो म्हणाला. "खोट माझ्यात हाय. तपासून आणलंय."

धोंडुबाईचा हात पानाच्या डब्यावर थांबला. सीताबाईने आपल्या परीने हिशेब केला. खोट मुलात असेल तर भगताकडे मुलाला न्यायला हवं. रवी म्हणाला, नको, मीठ मी कमी करणार नाय. मग त्याने कॅनांचं सांगितलं. सीताबाई त्यावर जास्त भडकली. मूल नाही हे तिने पाच वर्षं सोसलं होतं, पण कंपनीने कॅनमधून तिच्या लोणच्यात हात घातला, हे तिला सोसवेना. संध्याकाळपर्यंत तिने सगळे कॅन परसात काढले, चिनी मातीच्या बरण्या माळ्यावरून उतरवल्या, आणि गावभर फिरून ज्याच्या त्याच्या घरात शिरून लोकांची लोणची कॅनांतून हुसकून काढायला लागली. भाग्यश्रीने तिला एका शब्दाने अडवलं नाही. रवीच्या डब्यातला गरम भात प्लास्टिकच्या डब्यातून स्टीलच्या डब्यात तिने त्याच दिवशी आणला.

मधल्या दिवसांत रवीच्या मानेवरची गळवं कमी झाली. सर्दी गेली नाही, पण अधूनमधून रजा घ्यायला लागली. पायाची जखम एकदाची सुकली. भाग्यश्री यातल्या कशानेही हुरळली नाही. डॉक्टरीणबाईंनी तीनेक महिने सांगितले होते, ते होऊ दिले. ते भरले त्या दिवशी रवी स्वतः उठला, स्वतः डबी घेतली, आणि भरल्या मिनीडोरमध्ये मांडीवर धरून बसला. कुणीतरी विचारलं, काय हाय रे डबीत. तो म्हणाला, माझं सॅम्पल हाय, लॅबला चाललंय. विचारणारा पेणपर्यंत बाहेरची शेतं बघत बसला.

मनस्वीने काच तयार केली, बघितलं, आणि नियम मोडून दोघांना आत बोलावलं. भाग्यश्रीने एक डोळा मिटून दुसरा यंत्राला लावला. डोळे आखायची सवय असल्याने तिला बारीक बघायला वेळ लागला नाही. जास्त नव्हते. काही नुसते पडून होते, काही एकाच जागी गोल गोल फिरत होते. पण बाकीचे चालत होते. वाकडेतिकडे, एकमेकांना आपटत, पण चालत.

"अजून कमीच हायत," मनस्वी म्हणाली. "मागच्या वेळेपेक्षा पुष्कळ बरे. पण लगेच काय होईल असं धरून चालू नका."

"नाय धरत," भाग्यश्री म्हणाली. "परत कधी आणायचं?"

मनस्वीने महिना सांगितला. भाग्यश्री बाजूला झाली नि तिने रवीला पुढे केलं. त्याने डोळा लावला आणि तिथेच खिळला. श्वाससुद्धा धरून ठेवला होता त्याने.

तेवढ्यात बाहेरून काळुरामने दारावर टकटक केली. त्याचा मोठा जावई बाकावर बसला होता, त्याच्या मागे ड्रम खोलीतले आणखी दोघे, आणि जावयाच्या हातातली डबी गार व्हायला लागली होती.